तेलावाचून तळण

मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरांत एकादें नवें उपकरण शिरतें तेव्हां तें एकटें येत नाहीं. एक आश्वासन बरोबर घेऊन येतें. इ. स. १८९२ मध्यें स्वीडनमधील लिंडक्विस्ट यानें बनविलेल्या प्रायमस स्टोव्हनें काजळीपासून सुटका देऊं केली. १९५५ सालीं मुंबईंतील घरांत गॅस आला, त्यानें सरपणाची आणि धुराची कटकट संपविण्याचें वचन दिलें. आतां ‘एअर फ्रायर’ या नांवाची, हवेनें तळणारी म्हणविणारी पेटी ओट्यावर येऊन बसली आहे, आणि तिचें आश्वासन आरोग्याचें आहे. भिंत काळी होते कीं नाहीं, डोळे चुरचुरतात कीं नाहीं, हें आठवड्याभरांत कोणासहि कळतें. आरोग्याच्या आश्वासनाची परीक्षा व्हावयास मात्र वीस-तीस वर्षें लागतात, आणि ती परीक्षा आपल्याच शरीरावर व्हावयाची असते. म्हणून या पेटीची वंशावळ एकदां तपासून पाहावी असें आम्हांस वाटतें.

तळणें आणि भाजणें या दोन क्रिया आपल्या भाषेनें फार पूर्वींच निराळ्या मानल्या आहेत, आणि पदार्थविज्ञान त्या भेदास दुजोराच देतें. तळतांना पदार्थ १७० ते १९० अंश सेंटिग्रेड तापलेल्या तेलांत बुडतो. त्याच्या पृष्ठभागांतील पाण्याची वाफ होऊन ती बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडते, आणि ती जोरानें बाहेर येत असते तोंपर्यंत तेलास आंत शिरावयास फारसा वाव मिळत नाहीं. पदार्थ झाऱ्यानें काढला, निवूं लागला, आंतली वाफ आटली, म्हणजे अंगावरचें तेल आंत ओढलें जातें. आपण तेल खातों तें बव्हंशीं पदार्थ कढईबाहेर आल्यावर त्यांत मुरलेलें असतें. बटाट्याच्या पातळ तळलेल्या काचऱ्यांच्या वजनाचा सुमारें तिसरा हिस्सा केवळ तेलाचा असतो. आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅमामागें नऊ कॅलरी पडतात.

नव्या पेटींत वर विजेनें तापणारें वेटोळें, त्यावर पंखा आणि खालीं भोकांची टोपली असते. हवा ही उष्णता वाहून नेण्याच्या कामीं तेलाच्या मानानें फार दुबळी. शिवाय प्रत्येक थंड पदार्थाभोंवतीं स्थिर हवेचा एक पातळ थर चिकटून असतो आणि तो उष्णतेस अडवितो. पंखा हा थर सारखा उडवून लावतो. बशींतल्या ऊन चहावर फुंकर घालून आपण चहाभोंवतालची ऊन हवा दूर करतों. येथें तीच क्रिया उलट दिशेनें चालते. थोडक्यांत, ही एक छोटी, चपळ भट्टी आहे. तिला तळणाचें नांव व्यापाऱ्यांनीं दिलें. तिचें कुळ भाजण्याचें आहे. तेलावाचून कुरकुरीतपणा आपल्या लोकांना नवा नाहीं. तापलेल्या वाळूंत चणे आणि लाह्या फोडणारा भडभुंजा पिढ्यान्‌पिढ्या तेंच करीत आला आहे.

वाऱ्याच्या भट्टीचा एक पूर्वज आम्हांस अठराव्या शतकाच्या अखेरीस भेटतो. बेंजामिन टॉमसन हा १७५३ त मॅसॅच्युसेट्समध्यें जन्मलेला गृहस्थ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत इंग्रजांच्या पक्षास मिळाला, पुढें बव्हेरियाच्या दरबारीं चढला आणि काउंट रम्फर्ड झाला. तोफा कोरतांना उत्पन्न होणाऱ्या उष्णतेवरील त्याचा निबंध आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. पण म्युनिकच्या भिकाऱ्यांना सूप पुरविणारा आणि चुलींतील लाकडाचा अपव्यय मोजणारा रम्फर्ड फारसा कोणास ठाऊक नसतो. त्यानें मांस भाजण्यासाठीं लोखंडी पत्र्याची एक दंडगोल पेटी योजिली आणि तिच्याखालीं नळ्या बसविल्या. मांस शिजेपर्यंत नळ्या बंद ठेवावयाच्या. शेवटीं त्या उघडून तापलेली कोरडी हवा मांसावरून वाहूं द्यावयाची, म्हणजे तें बाहेरून तांबूस होतें. पंखा सोडला तर आजच्या पेटीचें तत्त्व येथें पुरें आहे.

पंखा आला तो दुसऱ्या महायुद्धांत. अमेरिकेंतील विल्यम मॅक्सन यानें १९४५ च्या सुमारास विमानांतील सैनिकांकरितां गोठविलेलीं जेवणें सिद्ध केलीं आणि तीं तापविण्यासाठीं पंख्याची एक लहान भट्टी बनविली. तिला त्यानें वावटळीचें नांव दिलें. दोनच वर्षांनीं तो वारला. पुढें हॉलंडमधील फ्रेड व्हान डर वाय या अभियंत्यानें बटाट्याच्या काचऱ्या डोळ्यांपुढें ठेवून घरगुती पेटीची रचना केली, आणि २०१० मध्यें फिलिप्स कंपनीनें ती बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडली. म्हणजे ही कल्पना प्रथम इंधन वांचविण्यासाठीं राबली, मग युद्धाच्या घाईसाठीं, आणि आरोग्याची भाषा तिला सर्वांत शेवटीं चिकटली.

आतां दुसरी बाजू. तळणाची आवड कांहीं आजची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत वडे आणि पुऱ्या यांचें वर्णन सांपडतें. परंतु तो राजाचा मुदपाकखाना होता. सामान्य घरीं तूप-तेल मोलाचें. म्हणून कढई चढे ती सणाला, पाहुण्याला किंवा श्राद्धपक्षाला. महागाईनें जो संयम आपोआप लादला होता, तो विसाव्या शतकांत सुटला. जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मन यानें १९०२ मध्यें हायड्रोजनच्या योगानें पातळ तेल घट्ट करण्याची कृति आपल्या नांवें नोंदविली. १९११ त अमेरिकेंत असें तूप दुकानांत आलें. १९३७ त हिंदुस्थानांत डालडा आला. साजूक तुपाची ऐपत नसलेल्या लाखो घरांत त्यामुळें सणाचें ताट भरलें, हें नाकारतां येणार नाहीं. आमच्या पिढीचें बालपण वनस्पती तुपांतल्या शंकरपाळ्यांवर गेलें, आणि त्यांची गोडी आम्ही विसरलों नाहीं.

मात्र १९९० मध्यें मेन्सिंक आणि कटान या डच संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, अशा अर्धवट घट्ट केलेल्या तेलांत उत्पन्न होणारीं ट्रान्स स्निग्धाम्लें रक्तांतील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवितात. भारतांत त्यांचें प्रमाण शेंकडा दोनपर्यंत आणण्याचा नियम २०२२ त अमलांत आला. कृतीची नोंद आणि हा नियम यांमध्यें एकशें वीस वर्षें गेलीं. वनस्पती तूप घरीं आणणारी गृहिणी अडाणी नव्हती. त्या काळचें शास्त्र जेवढें सांगत होतें तेवढ्यावर तिनें विश्वास ठेवला.

हा इतिहास समोर ठेवला म्हणजे नव्या पेटीविषयीं काय निश्चित आहे आणि काय नाहीं, हें निवडतां येतें. पदार्थांत तेल कमी जातें हें निश्चित. तो साधा हिशेब आहे. पण पिष्टमय पदार्थ १२० अंशांवर तापून तांबूस झाला कीं त्यांत ॲक्रिलामाइड नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें, असें स्वीडनमधील संशोधकांनीं २००२ मध्यें जाहीर केलें. जनावरांत तें कर्करोगास कारण होतें असें प्रयोगांत दिसलें आहे. तें तेलामुळें नव्हे, तर तांबूसपणाबरोबर येतें. म्हणून ही पेटी त्यापासून सुटका देत नाहीं. बटाट्याच्या काचऱ्या आधीं पाण्यांत भिजवून पुसून घ्याव्या आणि सोनेरी रंगावर थांबावें, एवढें आपल्या हातीं आहे.

आमच्या घरीं ही पेटी येऊन दोन वर्षें झालीं. कुटुंबानें प्रथम भजी करून पाहिलीं, आणि सगळें पीठ भोकांतून खालीं गळलें! ओलें पीठ तापलेल्या तेलांत पडतांक्षणीं आवळतें. हवेला तें साधत नाहीं. बटाटेवड्याची तीच गत. पापड तर पंख्याच्या वाऱ्यानें उडून वेटोळ्याला जाऊन लागला. उलट सुरणाच्या काचऱ्या, रव्यांत घोळविलेले वांग्याचे काप आणि भेंडी हीं चमचाभर तेलांत उत्तम होतात. उकडलेल्या अळूवडीचे काप तेलाचा हात लावून १८० अंशांवर पंधरा मिनिटें ठेवले, तेव्हां डॉक्टरांनीं तळण बंद केलेल्या आमच्या मातुःश्रींनीं तीन वर्षांनीं अळूवडी खाल्ली. त्या म्हणाल्या, “ही तळलेली नाहीं रे, पण भाजलेली म्हणून चांगली आहे.” आमच्या निबंधाचा निष्कर्ष त्यांनीं एका घासांत काढला.

पण त्याच घरांत आम्हीं दुसरेंहि पाहिलें. ‘यांत तेल नाहीं’ असें म्हणत मुलांनीं बाजारांतल्या गोठविलेल्या काचऱ्या आठवड्यांतून तीनदां खावयास आरंभ केला. त्या काचऱ्या कारखान्यांतच एकदां तेलांतून निघालेल्या असतात, आणि कित्येकदां त्यांत मीठहि घातलेलें असतें. पूर्वीं कढई चढविण्याचे कष्टच तळणास आळा घालीत; कळ दाबण्यास कष्ट नाहींत. शेवटीं आम्हीं घरांत एवढाच नियम केला आहे कीं, पेटींत जावयाचा जिन्नस घरींच चिरलेला असावा, आणि दिवाळीची चकली मात्र कढईंतच तळावी. पण ती दिवाळीलाच.