बुडीत खातं

कर्जं बुडतात, ठेवी बुडतात, क्वचित सबंध बँकही बुडते. वीस वर्षं लेजरं ओढल्यावर त्याचं काही वाटेनासं होतं. पण तारण दिलेली जमीनच बुडाली, असं प्रकरण माझ्या टेबलावर अजून आलेलं नाही. इंग्लंडात सफक परगण्याच्या किनाऱ्यावर डनिच नावाचं गाव आहे. तिथल्या कारकुनाच्या टेबलावर दुसरं काही आलंच नसतं! या नावाच्या स्पेलिंगात मध्ये एक डब्ल्यू आहे, तो कागदावर ठेवायचा आणि उच्चारात गिळायचा. गावाचंही तेच झालं.

१०८६ साली विल्यम राजानं सगळ्या देशाची मोजणी करवली. त्या डूम्सडे बुकात, म्हणजे त्यांच्या सातबारात, डनिचची नोंद आहे: पूर्वी दोन नांगरांची जमीन होती, आता एकाची आहे, दुसरी समुद्रानं नेली. आम्ही घसारा लिहितो तितक्याच कोरडेपणानं! पुढची नोंद त्याहून बहारीची. पूर्वी सारा दहा पौंड होता, आता पन्नास पौंड आणि वर अडुसष्ट हजार हेरिंग मासे. जमीन अर्धी, सारा पाचपट. महसूल खातं कुठलंही असो, त्याचं गोत्र एकच.

तसा राजाचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता म्हणा. बंदर भरभराटीला आलं होतं. एका चर्चची तीन झाली होती. जहाजं येत होती, मासळी जात होती. पण हे सगळं वैभव उभं होतं वाळूच्या कड्यावर. कातळ नावालाही नाही. लाट आली की तळ पोखरायची, आणि वरचं घर खाली.

१२८६ आणि १२८७ च्या वादळांनी शहराचा मोठा तुकडा तोडला. फ्रान्सिस्कन साधू शहाणे, त्यांनी मठ उचलून आत नेला. त्याच्या भिंती आजही कड्यावर उभ्या आहेत. १३२८ च्या वादळानं मात्र वर्मावर घाव घातला. घरांचं नुकसान झालं ते झालंच, पण गोट्यांचा ढीग पडून बंदराचं तोंडच बुजलं. नदीनं उत्तरेकडे नवी वाट काढली आणि व्यापारही तिच्यामागून वॉल्बर्सविककडे गेला. घर पडलं तर माणूस पुन्हा बांधतो हो, धंदाच गेल्यावर कशासाठी बांधायचं?

गाव असं गल्लीगल्लीनं समुद्रात जात होतं, पण पार्लमेंटात डनिचचे दोन खासदार ठाण मांडून होते! मतदार बत्तीसच्या आसपास उरले, तरी खासदार दोनच. १८३२ च्या कायद्यानं ते गेले. जे काम समुद्राला पाचशे वर्षांत जमलं नाही, ते एका कागदानं केलं.

शेवटी पाळी ऑल सेंट्स चर्चची. अठराव्या शतकातच ते ओस पडलं होतं. १९०४ पासून ढासळू लागलं आणि १९१९ साली मनोराही गेला. मग दफनभूमी. कड्याच्या मातीतून हाडं बाहेर यायची. ज्यांना नातलगांनी कायमचं म्हणून ठेवलं, त्यांचीसुद्धा बदली! भरतीच्या वेळी पाण्याखालून घंटा ऐकू येतात म्हणे. घंटांचं कोण जाणे, पण पाण्याखालच्या इमारतींचे अवशेष संशोधकांनी सोनारनं शोधले आहेत.

आज डनिचमध्ये मूठभर घरं, एक खानावळ आणि एक संग्रहालय आहे. आणि सेंट जेम्स चर्चच्या आवारात ऑल सेंट्सचा एक दगडी टेकू आणून उभा केला आहे. एवढ्या मोठ्या खात्यावर वसुली काय ती तेवढी.