नगरपरिषदेचा पैसा आणि शहराची फेररचना : एक प्रस्तावना

शहरात तलावाचा काठ बांधला गेला, जुन्या बाजाराच्या जागी नवे गाळे उभे राहिले किंवा एखाद्या वॉर्डात पहिल्यांदा भूमिगत गटार आले, की लोक त्याबद्दल भरभरून बोलतात. कामाचा दर्जा, कंत्राटदार, श्रेय कुणाचे, सगळे बोलण्यात येते. त्या कामाला पैसा कुठल्या खात्यातून आला, त्यात शहराचा स्वतःचा वाटा किती होता आणि दहा वर्षांनी दुरुस्तीचा खर्च कोण उचलणार, हे प्रश्न मात्र बहुधा नगरपरिषदेच्या लेखा विभागाबाहेर पडत नाहीत. या प्रस्तावनेचा विषय तेच प्रश्न आहेत. नगर-वित्त हे नाव ऐकून वाचकांनी बिचकू नये. शाळेतली टक्केवारी आणि थोडी चिकाटी एवढ्या शिदोरीवर या विषयात बरेच दूर जाता येते.

उदाहरणासाठी भंडारा जिल्हा निवडण्यामागे कारण आहे. मुंबई-पुण्याच्या पालिकांवर पुष्कळ लिहिले गेले, लहान शहरांच्या वाट्याला तेवढा अभ्यास आला नाही. भंडारा नगरपालिका 1867 सालची, म्हणजे दीडशे वर्षांहून जुनी. 2011 च्या जनगणनेत भंडारा शहराची लोकसंख्या सुमारे 92 हजार आणि तुमसरची सुमारे 45 हजार होती. त्यांच्या जोडीला पवनीसारखे प्राचीन पण छोटे शहर, अलीकडे नगरपरिषद झालेली साकोली, आणि मोहाडी, लाखनी, लाखांदूर या नगरपंचायती. ग्रामपंचायतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या गावापासून जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंत सर्व आकारांची नागरी वस्ती एका जिल्ह्यात पाहायला मिळते. अभ्यासकाला याहून सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल.

थोडा इतिहास आधी पाहू. जुन्या वस्त्या पाडून, रस्ते रुंद करून शहर नव्याने बसवायचे, तर त्यासाठी स्वतंत्र संस्था आणि स्वतंत्र पैसा हवा, ही कल्पना आपल्याकडे प्लेगनंतर आली. 1896 च्या साथीनंतर 1898 मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. पालिकेच्या करातून मिळणारा वार्षिक वाटा, ताब्यात दिलेल्या सरकारी व पालिकेच्या मोकळ्या जमिनी आणि कर्ज यांवर तो चालला, आणि 1933 मध्ये पालिकेत विलीन झाला. विदर्भाला हे प्रकरण जवळचे आहे, कारण 1936 च्या कायद्याने नागपूरला सुधार प्रन्यास मिळाला. जमीन संपादन करायची, आखणी करायची, भूखंड विकायचे आणि त्या उत्पन्नातून पुढची योजना हाती घ्यायची, ही त्याची रीत. नागपूरहून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या भंडाऱ्याला असा प्रन्यास मिळाला नाही. इथे गटार उपसणारी, दिवे लावणारी, बांधकामाचा नकाशा मंजूर करणारी आणि शहराची फेररचना करणारी संस्था एकच, ती म्हणजे नगरपरिषद. एकाच तिजोरीतून सफाई कामगाराचा पगारही जातो आणि नव्या रस्त्यातला शहराचा वाटाही. वाचकांनी ही गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. पुढचे पुष्कळ काही तिच्यातून उलगडते.

स्वतंत्र संस्थेचे गुण-दोष समजून घ्यायला एक परदेशी दाखला उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1952 पासून शहरांच्या पुनर्विकास संस्थांना वेगळाच अधिकार होता. एखादा भाग पुनर्विकासासाठी जाहीर केला, की त्यानंतर तिथल्या मालमत्ता कराच्या उत्पन्नात जी वाढ होई तिचा मोठा भाग त्या संस्थेकडे जाई, आणि त्या भरवशावर ती कर्ज उभारत असे. विकासाने मूल्य वाढते आणि वाढलेल्या मूल्याने विकासाचे कर्ज फिटते, असा हा विचार होता. पण तोच कर शाळांना आणि परगण्यांनाही हवा होता. राज्यावर आर्थिक ताण आला तेव्हा 2011 मध्ये कायदा होऊन फेब्रुवारी 2012 मध्ये अशा चारशेच्या आसपास संस्था विसर्जित झाल्या. कराचा रुपया एकच असतो आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक, हे तिथल्या अनुभवावरून स्पष्ट दिसते.

आता आपल्या घराकडे येऊ. भंडाऱ्यात कुणी घरपट्टी म्हणेल, कुणी घरटॅक्स. नगरपरिषदेकडून येणारे मागणी बिल हा या विषयातला पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे. ते फाइलला लावण्याआधी एकदा सावकाश वाचा. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने घालून दिलेली मूळ पद्धत अशी, की घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज घ्यायचा, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे, आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर आकारायचा. समजा एखाद्या घराचे अपेक्षित भाडे महिना 2,000 रुपये आहे. वर्षाचे 24,000 झाले, वजावटीनंतर 21,600 उरले, आणि समजुतीसाठी दर 20 टक्के धरला तर कर 4,320 रुपये होतो. पाणीपट्टी त्याहून वेगळी. त्याच बिलात शिक्षण कर असतो, दुकान किंवा कारखाना असेल तर रोजगार हमी कर असतो. हे दोन कर नगरपरिषद गोळा करते, पण ते राज्य शासनाचे आहेत. शेवटच्या रकमेकडे बोट दाखवून "एवढा पैसा घेता, मग रस्ता का नाही" असे विचारणाऱ्या नागरिकाने आधी हा फरक पाहून घ्यावा. त्याचा प्रश्न त्यामुळे कमजोर होत नाही, उलट नेमका होतो.

करयोग्य मूल्याची यादी दर चार वर्षांनी नव्याने करावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. हे फेरमूल्यांकन कुठल्याही शहरात लोकांना आवडत नाही, आणि म्हणून लोकप्रतिनिधींनाही ते पुढे ढकलावेसे वाटते. त्याची किंमत कोण देतो? ज्याचे मातीचे घर आजही तसेच आहे तो जुना कर भरतो. ज्याने दरम्यानच्या काळात दोन मजले चढवले आणि खाली दुकाने काढली, तोही यादी जुनी असेल तर जुनाच कर भरतो. न वाढलेला कर गरिबाला दिलासा देतो असे वरवर वाटते. माझा निष्कर्ष याच्या उलट आहे. जुनी यादी सर्वांत जास्त सवलत देते ती नव्याने संपन्न झालेल्याला. थकबाकीचेही तसेच. तिच्यावर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, आणि ती माफ होईल या आशेवर काही जण थांबून राहतात, तर वेळेवर भरणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही.

तिजोरीतला दुसरा मोठा प्रवाह समजण्यासाठी 1999 या सालाकडे जावे लागते. भंडाऱ्याच्या माणसाला हे साल आठवते ते गोंदिया जिल्हा वेगळा झाला म्हणून. नगरपरिषदांच्या दृष्टीने त्याच वर्षी आणखी एक मोठी घटना घडली, राज्यातल्या नगरपरिषदांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, बंद झाली. तांदळाची बाजारपेठ असलेल्या तुमसरला आणि पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याला जकात म्हणजे रोज हाती येणारा, व्यापाराबरोबर वाढणारा पैसा होता. नाक्यावर खोळंबणाऱ्या गाड्या, त्यातून होणारा त्रास आणि गैरप्रकार पाहता जकात जाणे योग्यच होते असे मी मानतो. पण तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले, आणि ते प्रामुख्याने कर्मचाऱ्यांच्या वेतनात जाते. जकात आणि स्थानिक संस्था कर (एलबीटी) गमावलेल्या महानगरपालिकांच्या भरपाईसाठी 2017 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, त्यात दरवर्षी 8 टक्के वाढीची हमी आहे. लहान शहरांच्या अनुदानाला तशा कायद्याचे पाठबळ नाही. कर जाऊन अनुदान येते तेव्हा रक्कम कदाचित तेवढीच राहते, पण निर्णयाचे ठिकाण बदलते.

भंडाऱ्याचा नकाशा समोर ठेवला तर आणखी एक अडचण दिसते. जिल्ह्यातले मोठे उद्योग, वरठीचा पोलाद कारखाना, जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना, हे सारे शहराच्या हद्दीबाहेर आहेत. गणेशपूर, खोकर्ला, बेला ही गावे शहराला चिकटलेली आहेत. तिथले लोक बाजाराला, दवाखान्याला, शाळेला भंडाऱ्यात येतात, रस्ते आणि दिवे शहराचे वापरतात, आणि घराचा कर आपापल्या ग्रामपंचायतीला देतात. यात त्यांची काही चूक नाही, कायदा तसाच आहे. मात्र "भंडारा" म्हणून जे शहर आपण डोळ्यांनी पाहतो आणि जे कर देते, ती दोन वेगळी क्षेत्रे आहेत. हद्दवाढीचा वाद कुठेही निघाला की त्याच्या मुळाशी हा हिशेब असतो.

मग फेररचनेची मोठी कामे होतात कशी? बहुतेक वरून येणाऱ्या निधीवर. राज्याचे नगरोत्थान महाअभियान, वस्ती सुधारणेच्या योजना, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा पैसा, केंद्राच्या योजना. 2015 ची अमृत योजना मुख्यतः 1 लाखावरच्या शहरांसाठी होती, त्यामुळे 92 हजारांच्या शहराला ही रेषा किती बोचते ते वाचकांच्या ध्यानात येईल. 2021 च्या अमृत 2.0 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी सर्व वैधानिक शहरे आली. प्रधानमंत्री आवास योजनेत 2015 नंतर स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या पात्र कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळू लागला. पण विदर्भातल्या शहरांत जमिनीचा मोठा भाग नझूल, म्हणजे शासनाच्या मालकीचा आणि भाडेपट्ट्याने दिलेला, आहे. भाडेपट्ट्याचा कागद नीट नसेल तर मंजूर निधीही घरापर्यंत पोचत नाही. म्हणून ज्याला वस्त्यांचा पुनर्विकास समजून घ्यायचा आहे त्याने अंदाजपत्रकाइतकेच भूमी अभिलेखही पाहावेत.

या निधीच्या गर्दीत माझे लक्ष दोन शब्दांकडे जाते, जे नगरपरिषदेत रोज कानावर येतात: स्वहिस्सा आणि बंधित निधी. बहुतेक योजनांत शहराने आपला वाटा घालायचा असतो. शहर लहान तसा तो वाटा कमी, तरीही तो रोख लागतो, आणि तो घरपट्टीतून, बाजाराच्या गाळ्यांच्या भाड्यातून, विकास शुल्कातून, मालमत्तेच्या खरेदी-विक्रीवरच्या मुद्रांक शुल्कातील 1 टक्का अधिभारातून उभा करावा लागतो. बंधित निधी म्हणजे ठरवून दिलेल्या कामावरच खर्च करायचा पैसा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानात 60 टक्के रक्कम स्वच्छता आणि पाणी यांना बांधलेली होती, 40 टक्के अबंधित. शिवाय लेखे प्रसिद्ध करणे आणि मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करणे या अटी होत्या. अटी योग्य होत्या. पण ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडाऱ्यात शिरला तेव्हा शहराच्या काय गरजा उघड झाल्या ते आठवा. नाल्यांची पातळी, नदीकाठची घरे, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याशी शहराचे नाते, हे प्रश्न भंडाऱ्याचे स्वतःचे आहेत. दिल्लीत किंवा मुंबईत आखलेल्या योजनेच्या रकान्यात ते बसतीलच असे नाही. तिथे शहराला हवा असतो स्वतः मिळवलेला, स्वतःच्या विचाराने खर्च करता येणारा पैसा. दुरुस्तीचेही तसेच आहे. नवे काम करायला योजना मिळते, त्याची देखभाल करायला सहसा मिळत नाही. उद्यानाचा माळी, पंपाची वीज, गटारातला गाळ यांचे पैसे घरपट्टीतूनच निघतात. लहान शहराच्या फेररचनेचे भवितव्य उद्घाटनाच्या दिवशी ठरत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी जमा झालेल्या करावर ते ठरते, हा या सगळ्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

या विषयावर आपल्याकडे गंभीर विचार झाला आहे, हे नवख्या वाचकांना माहीत असावे. 1953-54 च्या कर चौकशी आयोगाने काही कर स्थानिक संस्थांसाठीच राखून ठेवावेत असे सुचवले. 1963 मध्ये शहरी संस्थांचे उत्पन्न वाढवण्यासाठी मंत्र्यांची समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे रफिक झकेरिया होते. त्या समितीने कुठल्या सेवेवर दरडोई किती खर्च यावा याचे मापदंड मांडले, आणि नंतरचे अभ्यासक दीर्घकाळ त्यांचा आधार घेत राहिले. 1993 मध्ये अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची तरतूद केली. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत 18 विषयांची यादी आहे, पण त्यांच्यासाठी लागणाऱ्या करांची तशी यादी नाही. कामे घटनेने सुचवली आणि कर राज्याच्या मर्जीवर सोडले, हा असमतोल मला या सबंध रचनेतला सर्वांत मोठा दोष वाटतो.

सुरुवात कशी करावी, असे कुणी विचारले तर मी सांगेन, आपल्याच शहरातून करावी. घरचे बिल आधी वाचा. मग नगरपरिषदेचे चालू वर्षाचे अंदाजपत्रक मिळवा. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानुसार ते लोकांसमोर ठेवणे कार्यालयाचे कर्तव्यच आहे. त्यात महसुली आणि भांडवली हे दोन भाग वेगळे पाहा, आणि अंदाजाशेजारी मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा पाहायला विसरू नका. खरी परिस्थिती प्रत्यक्ष जमेत असते. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल कोरडा वाटला तरी सोडू नका. कर विभागातल्या जुन्या कर्मचाऱ्यांशी बोला. मागणी, वसुली आणि थकबाकी यांची वॉर्डनिहाय जाण त्यांच्याइतकी कुणालाच नसते. आणि तुमच्या शहरात नव्या कर आकारणीची यादी प्रसिद्ध झाली, की हरकतीसाठी मिळणाऱ्या महिन्याभराच्या मुदतीत नगरपरिषदेत जाऊन ती पाहा. स्वतःच्या घराचा आकडा तपासून झाला, की आपल्या गल्लीतल्या आणखी दहा घरांचे आकडेही त्यासोबत वाचा.