गोल दिव्यांची मोडलेली परंपरा : पोर्शे ९११ च्या दोन पिढ्या

पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स मोटारीने १९९७ साली जे नवे रूप धारण केले, त्याने ओढवून घेतलेला रोष मोटारींच्या इतिहासात फार थोड्या बदलांच्या वाट्याला आला असेल. कंपनीच्या अंतर्गत क्रमांकांनुसार त्याआधीची पिढी ९९३ आणि नवी पिढी ९९६ या नावाने ओळखली जाते; या दोहोंची तुलना बहुतेक वेळा आवडीनिवडीच्या पातळीवरच केली गेली आणि ९९३ सुंदर, ९९६ बिघडलेली, असा निकाल देऊन ती संपवली गेली. हा निकाल अपुरा आहे, कारण या दोन रूपांमधील अंतर रेखाटनाच्या मेजावर जितके ठरले, तितकेच ते कारखान्याच्या हिशेबवहीतही ठरले होते.

९११ प्रथम १९६३ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात मांडली गेली. तिचे मूळ नाव ९०१ होते. मधोमध शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर फ्रान्समधील पूजो कंपनीने हक्क सांगितल्याने ते बदलावे लागले. संस्थापकांचे नातू फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या मोटारीचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले होते आणि ते पाण्याऐवजी हवेने थंड केले जाई. या दोन गोष्टींचा तिच्या चेहऱ्याशी थेट संबंध आहे. इंजिन पुढे असलेल्या मोटारींना रेडिएटरसाठी, म्हणजे इंजिनातून तापून आलेले पाणी थंड करणाऱ्या जाळीदार साधनासाठी, समोर जागा सोडावी लागते, आणि मर्सिडीझ किंवा बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्यांची ओळख त्या जागेवरील जाळीच्या घाटावरच उभी राहिली. ९११ ला अशी जाळी लागतच नसल्याने तिच्या चेहऱ्यावर दोन उभट गोल दिवे, त्यांच्यामागे काचेपर्यंत गेलेले फुगीर मडगार्ड आणि त्यांच्यामध्ये खोलगट उतरत गेलेले बॉनेट, एवढेच उरले. चेहऱ्याची सगळी ओळख दोन दिव्यांवर पेललेली असल्यावर त्या दिव्यांना हात लावणे किती जोखमीचे ठरेल, हे या रचनेतच ठरून गेले होते.

पुढच्या तीन दशकांत बदल झाले, पण ते बेताचे होते. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांमुळे १९७४ च्या मॉडेलपासून धक्का सोसणारे, दोन्ही टोकांना रबरी घड्या असलेले बंपर आले. १९८९ च्या सुमारास आलेल्या ९६४ या पिढीत बहुतेक यंत्रभाग नवे असूनही टप, दारे आणि मडगार्ड पाहणाऱ्याला जुनेच वाटत.

ही चौकट न मोडता तिला पहिल्यांदा मनापासून नवे वळण दिले ते ९९३ ने. डच डिझाइनप्रमुख हार्म लागाय यांच्या हाताखाली ब्रिटिश डिझायनर टोनी हॅटर यांनी रेखाटलेली ही मोटार १९९३ साली लोकांसमोर आली. केबिनचा सांगाडा आणि टप यांचा घाट जुनाच ठेवायचा, हे बंधन त्यांच्यावर होते. तरीही पुढचे मडगार्ड खाली आणून रुंद केले गेले, दिवे मागे कलते झाले आणि बंपर वेगळा जोडलेला न वाटता अंगाशी एकजीव झाला. मागच्या चाकांसाठी एकाहून अधिक दांड्यांनी चाकाला हवा तो कल देणारी नवी निलंबनरचना, म्हणजे धक्के झेलणारी यंत्रणा, आली. मागचे मडगार्डही अधिक भरदार झाले, आणि त्यामुळे अरुंद जुने केबिन दोन रुंद खांद्यांवर बसल्यासारखे दिसू लागले. ९९३ चे जे सौंदर्य पुढे इतके वाखाणले गेले, त्याचे मूळ या ताणात आहे. उभ्या काचेचे, आखूड, १९६३ च्या मापाचे केबिन आणि नव्वदीच्या दशकातील रुंद, घट्ट अंग यांचा मेळ घालणे ही अवघड कामगिरी होती, आणि हॅटर यांनी ती इतकी नेमकी साधली की बंधन हेच शैली वाटू लागले.

मात्र याच सुमारास कंपनी बुडण्याच्या बेतात होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर वर्षाला सुमारे ५०,००० मोटारी विकणाऱ्या पोर्शेची विक्री नव्वदीच्या आरंभी १५,००० च्या आसपास आली होती. नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत मुरलेल्या जपानी तज्ज्ञांना झुफेनहाउझेनच्या कारखान्यात बोलावले, साठ्यांचे ढीग हटवले आणि जुळणीचा वेळ घटवला. याच काळात असे ठरले की स्वस्त, दोन आसनी, इंजिन मध्यभागी असलेली बॉक्स्टर आणि नवी ९११ या दोन मोटारी एकाच वेळी घडवायच्या व त्यांचे शक्य तितके भाग सामाईक ठेवायचे. त्यामुळे बॉनेट, पुढचे मडगार्ड आणि दिवे, म्हणजे समोरच्या काचेच्या पुढचा जवळजवळ सगळा भाग, आणि शिवाय दारेही दोघींना एकच मिळाली. बॉक्स्टर १९९६ साली बाजारात आली आणि ९९६ त्यानंतरच्या वर्षी. म्हणजे महागड्या मोटारीचा चेहरा लोकांनी आधी स्वस्त मोटारीवर पाहिला.

हाँगकाँगमध्ये जन्मलेले डिझायनर पिंकी लाय यांनी रेखाटलेल्या ९९६ मध्ये जुन्या मोटारीचा एकही पत्रा उरला नव्हता. लांबी ४,२४५ मिलिमीटरवरून ४,४३० वर गेली आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर २,२७२ वरून २,३५० मिलिमीटर झाले. समोरची काच अधिक कलती झाली आणि पावसाचे पाणी वाहून नेणारी टपाच्या कडेची पन्हळ नाहीशी झाली. वाऱ्याला होणारा अवरोध मोजणारा गुणांक ९९३ मध्ये ०.३३ च्या आसपास होता, तो ०.३० वर उतरला. इंजिनही पाण्याने थंड होणारे झाले, कारण हवेने थंड होणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार झडपा बसवणे आणि आवाज व धुराचे कडक होत चाललेले नियम पाळणे दिवसेंदिवस कठीण होत होते. पाण्यासोबत रेडिएटर आले आणि ते पुढच्या चाकांसमोर, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत बसल्याने, जिथे पूर्वी जवळजवळ बंद पत्रा होता तिथे हवेसाठी तोंडे उघडली.

वादाचे केंद्र मात्र दिवेच राहिले. मुख्य दिवा, वळणाचा दर्शक दिवा आणि धुक्यातला दिवा एकाच काचेखाली घेतल्याने सगळा संच एका घटकाच्या रूपात बसवता येई. जुळणीचा वेळ वाचे आणि खर्चही. पण गोलाच्या खालच्या बाजूने ओघळलेल्या नारिंगी दर्शकामुळे त्या आकाराला फुटलेल्या तळलेल्या अंड्याची उपमा मिळाली, आणि ती मोटारीला कायमची चिकटली. आत बसणाऱ्यालाही तुटलेपण जाणवत होते : एका ओळीत वेगवेगळी बसवलेली पाच वर्तुळाकार मापके आता एकमेकांत मिसळली होती आणि जमिनीतून वर येणारी पेडल इतर मोटारींप्रमाणे वरून लटकू लागली होती.

या टीकेत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली दिसते. बाजूने पाहिले असता ९९६ ची रेषा स्वच्छ आहे. टपाचा उतार मागच्या बंपरपर्यंत अडथळ्याविना जातो आणि या लांब, सपाट अंगाला ९९३ चे भरदार खांदे शोभलेही नसते. तिचा दोष घाटात कमी आणि व्यवहारात अधिक होता. दुप्पट नसली तरी बरीच जास्त किंमत मोजणाऱ्या ग्राहकाला समोरून येणारी मोटार ९११ आहे की बॉक्स्टर, हे दुरून सांगता येऊ नये, ही चूक डिझायनरच्या पेन्सिलीची नव्हती. लाय यांच्यावर तिचे खापर फोडणे अन्यायाचे आहे, कारण सामाईक पुढच्या भागाचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता आणि त्या निर्णयाशिवाय ही मोटार घडण्याइतकी कंपनी टिकली असती का, याची खात्री कोणालाच देता आली नसती.

कंपनीने दुरुस्ती टप्प्याटप्प्याने केली. २००० साली आलेल्या टर्बो प्रकाराला वेगळे दिवे मिळाले, तेच २००२ च्या मॉडेलपासून साध्या ९११ लाही देण्यात आले, आणि २००४ साली आलेल्या ९९७ या पुढच्या पिढीत गोल दिवे व त्यांच्यापासून वेगळे दर्शक पुन्हा आले. ९९७ कडे पाहून जुनी ९११ परत आली असे अनेकांना वाटले; परंतु तिच्या चाकांमधील अंतर तेच २,३५० मिलिमीटर होते, काचेचा कल आणि टपाची रेषा ९९६ चीच होती आणि इंजिनही पाण्यानेच थंड होत होते. ९९३ हे १९६३ च्या आराखड्याचे शेवटचे आणि सर्वांत परिपक्व रूप होय, तर आजही विकल्या जाणाऱ्या ९११ चा आराखडा, तिचे दिवे सोडले तर, ९९६ पासून सुरू होतो.