अधिवृक्क विकार, आनुवंशिक : रुग्ण मातेचे अर्भक
२१-हायड्रॉक्सिलेज या एंझाइमच्या अभावामुळे होणारी जन्मजात अधिवृक्क-अतिवृद्धी हा यांतला मुख्य विकार. त्याचे जनुक अप्रभावी असते. आई रुग्ण असली तरी वडील वाहक नसतील, तर बाळ फक्त वाहक राहते. बहुतेक बाळे निरोगीच जन्मतात. आईच्या रक्तातील जादा पुरुष-संप्रेरकांचे वार इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, त्यामुळे मुलीच्या गर्भाचे मोठे रक्षण होते. हायड्रोकॉर्टिसोनही वारेत बरेचसे निष्क्रिय होते, म्हणून गरोदरपणी ते भीतीपोटी बंद करणे घातक; डेक्सामेथासोन मात्र गर्भापर्यंत पोचते. वडील वाहक असण्याचा धोका नात्यातील विवाहात वाढतो; दक्षिण कर्नाटकात मामा-भाचीच्या विवाहाची रूढी आहे. रुग्ण भाचीचा सख्खा मामा वाहक असण्याची शक्यता फार मोठी, तेव्हा त्याची जनुकीय तपासणी गर्भधारणेपूर्वीच हवी. विकार बाळात उतरलाच, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीरातील मीठ घटून जीव जाऊ शकतो. टाचेच्या रक्ताची चाचणी त्याआधी व्हावी.