मालक, पालक की आई-बाबा?

पुणं असो, इंदूर असो की बंगळूर, जनावरांच्या दवाखान्यात हल्ली हाक ऐकू येते, "ब्रूनोची मम्मी कोण?" आणि एक बाई लगबगीने उठतात. आपल्यातले जुने लोक यावर हसतात. अमेरिकेचं खूळ म्हणतात. 'पेट पॅरेंट' हा शब्द तिकडचा, हे खरंच आहे. तिथल्या बोल्डर शहराने तर २००० साली आपल्या नियमांतला 'ओनर' काढून 'गार्डियन' घातला. पण कुत्र्याशी नातं लावण्याची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिची सुरुवात लाडाने नाही, लाच देण्याने होते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १०८वं सूक्त घ्या. पणींनी गायी लपवून ठेवल्यात आणि इंद्राची दूती सरमा त्यांच्या शोधात रसा नदी ओलांडून पोचली आहे. सूक्तात तिला कुठे कुत्री म्हटलेलं नाही, पण पुढची परंपरा तिला देवांची कुत्री म्हणूनच ओळखते. धमकीने ती बधत नाही म्हटल्यावर पणी गोड बोलू लागतात. आमची बहीण हो, गायींतला वाटा देतो. सरमा म्हणते, मला भाऊपणाही कळत नाही आणि बहीणपणाही. मला हे उत्तर फार आवडतं. समोरचा नातं का जोडतोय, हे तिने बरोब्बर ओळखलंय.

आता महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात या. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडलेत. युधिष्ठिराजवळ उरलंय ते हस्तिनापुरापासून मागे आलेलं कुत्रं. इंद्र रथ घेऊन येतो आणि ते सोडून दे म्हणतो. कीर्तनात आपण पटकन शेवटाला जातो, की तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म. मला त्याआधीची वादावादी महत्त्वाची वाटते. इंद्र शब्द वापरतो 'श्ववत्', म्हणजे कुत्रं बाळगणारा. अशांना स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर मात्र त्या कुत्र्याला 'भक्त' म्हणतो, आणि भक्ताला टाकणं हे ब्रह्महत्येच्या तोलाचं पाप मानतो. बायको-भावांना टाकलंस, मग याचं काय, असं इंद्र टोचतो. तो म्हणतो, ते गेल्यावर सोडले, जिवंतपणी नाही. एकाच कुत्र्यासाठी दोन शब्द. 'बाळगणारा' म्हटलं की वस्तू खाली ठेवून पुढे जाता येतं. 'भक्त' म्हटलं की पाय अडकला.

मराठीत तर गंमतच आहे. बैलाचा धनी, कुत्र्याचा मालक, हे आपले रोजचे शब्द. पण जनावर आपण 'पाळतो', आणि शाळेच्या अर्जावर आईबापांच्या सहीखाली छापलेलं असतं 'पालक'. दोन्हींचा धातू एकच. म्हणजे ब्रूनोच्या मम्मीला हसण्याआधी आपल्याच भाषेकडे बघायला हवं.

कायद्याची भाषा काय सांगते? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात शब्द 'मालक' असाच आहे. पण व्याख्या मोठी ऐसपैस: जनावर त्या वेळी ज्याच्या ताब्यात असेल तोही मालक, मूळ मालकाची संमती असो वा नसो. पुढे ४ जुलै २०१८ ला उत्तराखंड उच्च न्यायालयाचा निकाल आला. प्रकरण होतं नेपाळ सीमेवरच्या बनबसाला ये-जा करणाऱ्या टांग्यांच्या घोड्यांचं. न्यायालयाने प्राण्यांना कायदेशीर व्यक्तित्व दिलं आणि राज्यातल्या सगळ्या नागरिकांना त्यांच्या आईबापांच्या जागी नेमलं. पुढच्या वर्षी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं. हे पॅरेंटपण कुणा हौशी माणसाचं नाही, न्यायालयाने गळ्यात घातलेलं आहे. ज्याने आयुष्यात जनावर पाळलं नाही, त्याच्याही.

पण जनावर टाकून दिलं, ते उपाशी-तहानेलं तडफडलं, तर त्याच १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय दहा ते पन्नास रुपये. घर बदलताना जुनं कुत्रं हायवेवर सोडून येणाऱ्यांनाही दवाखान्यात कुणीतरी मम्मी-पप्पा म्हणालेलं असतंच.

सरमेची आणखी एक गोष्ट राहिली. तिच्या पिल्लाला जनमेजयाच्या भावांनी विनाकारण मारलं, तेव्हा ती भर यज्ञात जाब विचारायला गेली. तिथे ती कुणाची बहीण नव्हती, आई होती. ती गोष्ट पुढच्या भागात.