थ्रोम्बोपोएटिन : आधी नाव, मागाहून द्रव्य

शास्त्रीय परिभाषेत वस्तू आधी सापडते व तिचे नामकरण मागाहून होते, असा सामान्य क्रम आहे. रक्तातील बिंबाणूंच्या, म्हणजे व्यवहारात ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्या सूक्ष्म कणांच्या, उत्पत्तीच्या इतिहासात मात्र हा क्रम उलटा झाला. 'थ्रोम्बोपोएटिन' हे नाव १९५८ साली पुढे आले. त्या नावाचे द्रव्य हाती आले ते १९९४ साली. मधल्या छत्तीस वर्षांत ह्या नावाने संशोधकांना वाट दाखविली की चकविले, हे पाहण्याजोगे आहे.

बिंबाणू हा रक्ताचा स्वतंत्र घटक आहे, हे इटलीतील ज्यूलिओ बिझोझेरो ह्यांनी १८८२ साली दाखविले. अस्थिमज्जेतील प्रचंड पेशींना 'मेगॅकॅरिओसाइट', म्हणजे मोठ्या केंद्रकाची पेशी, हे नाव विल्यम हॉवेल ह्यांनी १८९० साली दिले. ह्या दोहोंचे नाते बॉस्टन येथील जेम्स होमर राइट ह्यांनी १९०६ साली उलगडले : बिंबाणू हे ह्याच महापेशींचे तुटून निघालेले तुकडे होत. महापेशी स्वतः न विभागता आपली गुणसूत्रे पुनःपुन्हा दुप्पट करते, रक्तवाहिनीत लांब तंतू सोडते आणि त्या तंतूंपासून हजारो बिंबाणू सुटे होतात. बिंबाणूचे आयुष्य आठ ते दहा दिवसांचे असल्याने प्रौढ माणसाच्या शरीराला रोज सुमारे दहा हजार कोटी नवे बिंबाणू निर्माण करावे लागतात. ते फार कमी झाले तर रक्तस्राव थांबत नाही. फार वाढले तर वाहिन्यांत गुठळ्या होतात. मग किती बिंबाणू हवेत, हे मज्जेला कोण कळविते?

हंगेरीतील एंद्रे केलेमेन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५८ साली ह्याचे उत्तर सुचविले. बिंबाणूंची संख्या बेसुमार वाढलेल्या रुग्णांच्या रक्तरसात बिंबाणूंची निर्मिती वाढविणारा एक घटक असावा, असे त्यांनी प्रतिपादिले व त्याला थ्रोम्बोपोएटिन म्हटले. तांबड्या पेशी घडविणाऱ्या 'एरिथ्रोपोएटिन' ह्या हॉर्मोनाच्या नावाचा साचा तयारच होता. ग्रीक 'थ्रोम्बोस' म्हणजे गुठळी आणि 'पोइएइन' म्हणजे घडविणे. म्हणजे अक्षरार्थ घेतल्यास हे द्रव्य 'गुठळी घडविणारे' ठरते. बिंबाणूंचा उल्लेख नावात अध्याहृतच आहे. साच्यात बसलेल्या नावाचा एक परिणाम असा, की त्याच्या अर्थाविषयी खात्री वाटू लागते. येथे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळेना. तशात इतरही काही द्रव्यांनी बिंबाणू वाढतात असे आढळल्याने, असे एकच द्रव्य आहे तरी का, अशी शंका प्रकट होऊ लागली.

उत्तर आले ते अनपेक्षित दिशेने. उंदरांत रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचे वर्णन १९८६ साली फ्रान्समध्ये झाले. त्यातील रोगकारक जनुक १९९० साली, तर त्याचे मानवी प्रतिरूप १९९२ साली हाती आले. हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावरील एका ग्राहीचे होते. त्याला 'एमपीएल' म्हणतात. ग्राही होता, पण त्याला जुळणारे द्रव्य अज्ञात होते. अशा ग्राहीला संशोधक 'अनाथ' म्हणतात. एकीकडे द्रव्यावाचून नाव, दुसरीकडे द्रव्यावाचून ग्राही! १९९४ साली अनेक गटांनी जवळजवळ एकाच वेळी ते द्रव्य वेगळे केले. 'मेगापोएटिन', 'एमपीएल-लिगंड' अशी निरनिराळी नावे त्याला मिळाली. अखेर टिकले ते केलेमेन ह्यांचेच.

त्यानंतर संदेशमार्ग उलगडला. ग्राहीपाशी स्वतःचे किनेज नसते. द्रव्य चिकटताच आतील बाजूस जोडलेले 'जॅक-२' हे किनेज जागृत होते. रोमन लोकांच्या दुमुखी 'जेनस' दैवतावरून ह्या कुलाचे नाव पडले. 'स्टॅट-५' इत्यादी प्रथिनांमार्फत संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो. यकृत हे द्रव्य बहुतांशी एकसारखे स्रवते. बिंबाणू व महापेशी ते आपल्या ग्राहींवाटे शोषून घेतात. बिंबाणू घटले की द्रव्य अधिक उरते व निर्मिती वाढते. ह्याच मार्गातील बिघाडही दिसून आला : जॅक-२ मधील एक बदल २००५ साली व एमपीएल मधील एक बदल २००६ साली अशा रक्तविकारांच्या रुग्णांत आढळला.

तथापि नावाने दिलेले आश्वासन पूर्ण खरे ठरले नाही. एमपीएल नसलेल्या उंदरांत बिंबाणू सुमारे ८५ टक्के घटले, परंतु नाहीसे झाले नाहीत. म्हणजे हा 'घडविणारा' प्रमुख खरा, पण एकमेव नव्हे. उपचारातही धक्का बसला. द्रव्याचे एक कृत्रिम रूप टोचलेल्या काही व्यक्तींच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली, ती त्यांच्या स्वतःच्या द्रव्यावरही उलटली आणि बिंबाणू वाढण्याऐवजी घटले. १९९८ साली हे काम थांबवावे लागले. म्हणून रोमिप्लोस्टिम हे औषध मूळ प्रथिनाशी रचनासाम्य नसलेले असे घडविले गेले. ते व एल्ट्रॉम्बोपॅग ही दोन्ही अमेरिकेत २००८ साली मान्य झाली.

ह्या इतिहासावरून असे दिसते, की शास्त्रातील नाव हे पुष्कळदा एक गृहीतच असते. केलेमेन ह्यांच्या नावाने शोधाची दिशा जिवंत ठेवली. त्या नावाची मर्यादा मात्र प्रयोगालाच आखून द्यावी लागली.