कॅथरिन : स्वप्नातील मनोरा आणि निष्ठेची कसोटी

कोडी सोडविण्याच्या व्हिडिओ गेमचा नीतीशी सहसा संबंध नसतो. ठोकळे जुळवावेत, गुण मिळवावेत आणि संगणक बंद करावा, एवढाच त्यांचा व्यवहार. ‘कॅथरिन’ हा जपानी खेळ या सर्वसाधारण नियमाला ठळक अपवाद आहे. प्रेमातील प्रतारणा हा त्याचा विषय असून, त्यातील प्रत्येक कोडे नायकाच्या अपराधी मनाशी जोडलेले आहे.

‘ॲटलस’ या कंपनीने हा खेळ 17 फेब्रुवारी 2011 रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 या यंत्रांसाठी प्रसिद्ध केला. कात्सुरा हाशिनो हे त्याचे दिग्दर्शक. पात्रांची रेखाटने शिगेनोरी सोएजिमा यांची, तर संगीत शोजी मेगुरो यांचे. मेगुरो यांनी अभिजात पाश्चात्त्य रचनांची नव्याने मांडणी करून त्या खेळात वापरल्या. ‘फुल बॉडी’ ही विस्तारित आवृत्ती 2019 मध्ये आली.

कथानायक व्हिन्सेंट ब्रुक्स हा 32 वर्षांचा. अनेक वर्षांची त्याची प्रेयसी कॅथरिन आता विवाहाचा विषय काढू लागली आहे. निर्णय टाळण्याकडेच व्हिन्सेंटचा कल. अशातच एका रात्री मद्यगृहात त्याची गाठ एका तरुणीशी पडते. सकाळी जाग येते तेव्हा ती त्याच्या शेजारी असते. तिचेही नाव कॅथरिनच. फरक केवळ इंग्रजी आद्याक्षराचा. येथून त्याचे दिवस खोटे बोलण्यात आणि रात्री भयस्वप्नांत जाऊ लागतात.

स्वप्नात त्याला ठोकळ्यांचा उंच मनोरा चढायचा असतो. ठोकळे ओढून वा ढकलून पायऱ्या रचायच्या. त्याच वेळी खालचे थर कोसळत असतात. एका ठोकळ्याची कड दुसऱ्याच्या कडेला लागलेली असली, तर तो अधांतरीही टिकतो, हे या कोड्यांचे मर्म. सोप्या पातळ्यांवर चुकलेली चाल मागे घेता येते. स्वप्नात जो पडेल तो प्रत्यक्षातही मरेल, अशी गावात वदंता असते. सोबत चढणारे इतर पुरुष व्हिन्सेंटला मेंढ्यांच्या रूपात दिसतात, आणि त्यांना तोही मेंढाच दिसतो. आपल्यासारखेच अपराधी शेजारी असूनही कोणी कोणाला ओळखत नाही.

मनोऱ्याच्या टप्प्यांमध्ये कबुलीजबाबाची खोली लागते. तेथे एक अदृश्य आवाज प्रश्न विचारतो. विवाहाने आयुष्य सुरू होते की संपते, हा त्यांतलाच एक. दोन दोरांपैकी एक ओढून उत्तर द्यायचे. इतर खेळाडूंनी काय निवडले, हे नंतर दाखविले जाते. मात्र बरोबर उत्तर कोणते, हे सांगितले जात नाही. दिवसा प्रेयसीच्या संदेशाला उत्तर लिहितानाही असाच कस लागतो. ओळ लिहावी, खोडावी, दुसरी निवडावी. या सर्वांनी एक काटा निळ्या वा लाल बाजूला सरकतो, आणि मूळ आवृत्तीतील 8 शेवटांपैकी एक खेळाडूच्या वाट्याला येतो.

मराठवाड्याच्या वाचकाला हा पेच परका वाटू नये. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक, रेणुकामातेचे स्थान. लातूर जिल्ह्यातील रेणापूर येथेही रेणुकादेवीचे मंदिर आहे. महाभारताच्या वनपर्वातील कथेनुसार, जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजाला पाहून रेणुकेचे मन क्षणभर विचलित झाले. जमदग्नींनी पुत्रांना मातृवधाची आज्ञा केली. चौघांनी ती पाळली नाही आणि शाप भोगला. परशुरामाने ती पाळली. परंतु वर मागताना त्याने आईला पुन्हा जिवंत करावे आणि या वधाची आठवणही तिला राहू नये, असे मागितले. आज्ञा मोडली तरी हानी, पाळली तरी हानी, असा हा प्रसंग आहे.

दोन्ही कथांतील अंतर मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. रेणुकेला शिक्षा झाली ती मनात आलेल्या क्षणिक विचाराची. व्हिन्सेंट प्रत्यक्ष कृती करूनही दररोज सबबी शोधतो. तेथे स्त्रीची परीक्षा होती, येथे पुरुषाची आहे. आणि ज्या स्थानी ही देवी पूजिली जाते, तेथे लोकमानसाने दोष नव्हे, मातृत्वच शिरोधार्य मानले.

कायद्याचा दृष्टिकोनही काळानुसार पालटला. भारतीय दंड संहितेचे कलम 497 विवाहित स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाला गुन्हेगार ठरवीत असे. पतीची संमती असल्यास मात्र तो गुन्हा होत नसे. पत्नी ही जणू पतीची मालमत्ता, हे त्यामागील गृहीतक. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने 27 सप्टेंबर 2018 रोजी ते कलम एकमताने घटनाबाह्य ठरविले. हिंदू विवाह कायदा, 1955 अन्वये व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण मात्र आजही आहे. प्रतारणा तुरुंगाच्या कक्षेबाहेर गेली. विश्वासाच्या कक्षेतून ती सुटलेली नाही.

‘कॅथरिन’चे मोल येथेच आहे. तो उपदेश करीत नाही, उत्तर मागतो. खोलीत एकट्याने खेळताना खोटे उत्तर द्यायचे तरी कोणाला? म्हणूनच दोर ओढण्यापूर्वी खेळाडूचा हात काही क्षण थबकतो. ठोकळ्यांची चाल मागे घेता येते. दुखावलेल्या माणसाच्या बाबतीत ती सोय नसते. परशुरामाला वर मिळाला होता. इतरांना निर्णय आधीच विचारपूर्वक घ्यावा लागतो.